धोंड्याची दुर्बीण

किशोर बोचेचं तोंड एकदा सुरू झालं की त्याला ब्रेक नव्हता. पुढं जे काही रामायण घडलं ते त्या तोंडापायीच घडलं. उगाच डुकराला, सासऱ्याला नाही तर सरकारला दोष देण्यात अर्थ नाही.

अकोटहून परतवाड्याकडे निघालं की डाव्या हाताला सातपुडा सोबत चालतो. त्याच्या पायथ्याशी धामणखेड. गाव लहान, जमीन काळी, विहिरींना पाणी बरं. त्यामुळे उन्हाळ्यातही बांधाबांधाला भुईमूग हिरवागार उभा असतो. हा भुईमूग माणसांइतकाच रानडुकरांना आवडतो. दिवस कलला की कळप नाल्यातून वर येतो आणि नांगर लावल्यासारखं वावर उकरून ठेवतो.

गावात परवान्याची बंदूक एकच, बोच्यांची. किशोरचे वडील रामराव होते तोवर डुकरांची टाप नव्हती, असं सगळं गाव सांगे. “सांजच्याले रामरावच्या बंदुकीचा बार झाला का शिवार निवांत,” हे वाक्य किशोरनं इतक्या जणांकडून ऐकलं होतं की बाप म्हणजे मोठा शिकारी, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. तो स्वतः तेव्हा अमरावतीत क्लासेस लावून स्पर्धा परीक्षा देत होता. रामराव गेले, किशोर गावी परतला, बंदूक त्याच्या नावावर झाली. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची वनखात्याची परवानगीही हातात आली. आता फक्त डुक्कर मारायचं राहिलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी तो बंदूक घेऊन नत्थुजींच्या वावरात जाऊन बसला. नत्थुजी म्हणजे रामरावांचे जिवाभावाचे मित्र; त्यांचं वावर नाल्याला लागून, म्हणून डुकरांचा पहिला घास त्यांच्याच भुईमुगाचा. एक डुक्कर आलं. बांधाजवळ येऊन मचमच आवाज करत शेंगा खायला लागलं. किशोरनं नेम धरला. आणि त्याचे हात गार पडले. जनावर आपलं मान खाली घालून खात होतं, पंगतीत भुकेल्या माणसानं जेवावं तसं, आणि त्याला मारायचं म्हणजे नक्की काय करायचं हे किशोरला एकदम कळलं. त्याच्याच्यानं झालं नाही. डुक्कर पोटभर जेवून गेलं, हा घामेघूम होऊन घरी आला.

ओट्यावर नत्थुजी वाट पाहत बसले होते. “काय झालं रे? आवाज नाई आला.”

“दिसलं नाही नीट, काका. लांब होतं,” किशोर म्हणाला.

इथं गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण गप्प बसेल तो किशोर कसला!

“नुसत्या डोळ्यानं लांब पल्ल्याची शिकार होत नसते, काका,” तो म्हणाला. “त्याले दुर्बीण पायजे. बंदुकीवर बसवायची.”

झालं. त्या दिवसापासून डुकराचा विषय निघाला की किशोर दुर्बिणीवर घसरे. मोबाईलवर परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहून पाहून तो असा तयार झाला की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. भिंग किती मोठं असावं, वाऱ्याचा हिशोब कसा धरावा, आतली नेम धरायची फुली जाड असली तर काय होतं आणि बारीक असली तर काय होतं! नत्थुजी मध्येच तोंड उघडत, “अरे पण तुहा बाप तं...” एवढं म्हणत, की किशोर हात वर करून म्हणे, “काका, बाबांचा जमाना वेगळा होता.” आणि पुन्हा भिंगावर येई. म्हातारा बिचारा गप्प बसे. असे दोन हंगाम गेले. डुकरं खाऊन खाऊन गुबगुबीत झाली. दुर्बीण कुठून येणार होती? कुणी आणून देणार नाही आणि आपलं पितळ उघडं पडणार नाही, याची किशोरला खात्री होती.

मधल्या काळात त्याचं लग्नही झालं, आणि तेही बंदुकीमुळेच. परतवाड्याचे उत्तमराव मुलगी द्यायची म्हणून घर पाहायला आले होते. एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. लोखंड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नसे. भिंतीवरच्या बंदुकीवरून त्यांनी प्रेमानं हात फिरवला आणि बायकोला म्हणाले, “कौशल्या, घर मर्दाचं हाय.” तिथंच सोयरीक पक्की. किशोरची बायको दामिनी माहेरच्या मैत्रिणींना फोनवर सांगे, “आमच्या यांचा नेम म्हणजे...” आणि पुढचं बोलत नसे, कारण पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत किशोर हे ऐके आणि त्याच्या जिवाचं पाणी पाणी होई. हिला कळलं तर? मामाजींना कळलं तर? ज्या घरात बंदूक बघून त्यांनी पोरगी दिली, त्या घरातल्या माणसाला डुक्कर मारवत नाही!

आणि यंदा आला धोंड्याचा महिना.

अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं, त्यातून लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. उत्तमराव काही कसर ठेवणार नव्हते. त्यांनी फोन केला तेव्हा किशोर ओट्यावर बसला होता, शेजारी नत्थुजी. फोनचा स्पीकर चालू.

“जवाईबुवा, काय घ्यावं तुमच्यासाठी? अंगठी करू का?”

“कायले मामाजी, काही नको,” किशोर रीतीप्रमाणे म्हणाला.

तेवढ्यात नत्थुजींनी फोनवर तोंड नेलं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे ते ओरडले, “दुर्बीण द्या! बंदुकीवरची! दोन वर्षं झाले, पोरगं दुर्बिणीपायी अडून राह्यलं!”

पलीकडून उत्तमरावांचा आवाज असा आला की जणू आयुष्यभर ते याच कामाची वाट पाहत होते. “बाप्पा! अन् मले सांगतलं नाई? दुर्बीण म्हणजे दुर्बीण! सोमवारी अमरावतीले या.”

किशोरच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी जयस्तंभ चौकामागच्या एका गल्लीत उत्तमराव आणि कौशल्याबाई त्याची वाट पाहत उभे होते. कौशल्याबाईंच्या हातात अनारशांचा डबा. धोंड्यात रिकाम्या हातानं जावयाला भेटायचं कसं, म्हणून परतवाड्याहून बसमध्ये मांडीवर धरून आणलेला. किशोरनं बसमध्ये एक बेत पक्का केला होता. नाही म्हणायचं नाही. फक्त नाक मुरडायचं. दुकानातली एकही दुर्बीण पसंत करायची नाही.

दुकान धर्मपालजींचं. छऱ्याच्या बंदुका, धनुष्यबाण, शाळेच्या बक्षिसांचे कप आणि काचेच्या कपाटात ओळीनं दुर्बिणी. धर्मपालजी पोट सुटलेला, हसरा माणूस. रायफल क्लबची पोरं त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक.

“किती लांबून मारता?” त्यांनी विचारलं.

“पाचशे मीटर,” किशोर म्हणाला.

“वावर केवढं हाय?”

“तीन एकर,” उत्तमराव म्हणाले.

“मंग तीन एकरात पाचशे मीटर कुठी बसवता?”

“तिरपं धरून,” किशोर म्हणाला.

धर्मपालजींनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, पण गिऱ्हाईक देव असतं. “हे पाहा, तुमाले खरं सांगतो. भुईमुगाच्या वावरात चार पट मोठं दिसलं तरी पुरे. ही घ्या, साधी हाय, मजबूत हाय.”

“चार पट?” उत्तमरावांचा चेहरा उतरला. “आमच्या जवायाले चार पट? लोकं काय म्हणतीन? चांगल्यातली काढा!”

मग धर्मपालजी सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेले. कठड्यावर एक तिपाई मांडली आणि एकेक दुर्बीण तिच्यावर चढवू लागले. मे महिन्याचं ऊन, समोर अमरावतीच्या गच्च्याच गच्च्या, लांब पोहऱ्याच्या टेकड्या. किशोरनं पहिल्या दुर्बिणीला डोळा लावला आणि मान हलवली.

“फुली जाड आहे. मागं डुक्कर लपून जाईल.”

दुसरी आली. “हिची फुली बारीक आहे. सांजच्या उजेडात हरवेल.”

तिसरीत आत लाल ठिपका पेटत होता. “लाल दिवा पाहून जनावर बिचकते.”

“दिवा आत हाय, साहेब. डुकराले दिसत नाई.”

“डुकराचं काही सांगता येत नाही,” किशोर गंभीरपणे म्हणाला.

चौथीची चकती फिरवली की टिकटिक वाजत होती. किशोरनं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, हा आवाज नाल्यापर्यंत जाईल. पाचवीला तर काहीच खोट सापडेना, तेव्हा त्यानं तोंड वाकडं करून म्हटलं, “पॅरलॅक्स बरोबर वाटत नाही.”

“म्हणजे काय हो जवाईबुवा?” उत्तमरावांनी आदरानं विचारलं.

किशोरनं हवेत दोन्ही हातांनी काहीतरी मोठं गोल काढलं, मग ते लहान केलं, मग डावीकडे सरकवलं. उत्तमरावांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण डेपोतल्या वर्षानुवर्षांच्या अनुभवानं त्यांना एवढं ठाऊक होतं, की जो माणूस पार्ट असा पारखून घेतो तो कच्चा नसतो. ते धर्मपालजींच्या कानात कौतुकानं म्हणाले, “पाहा, कसा चोखंदळ हाय! मी गाडीचं बेअरिंग असंच परत करो.”

किशोर जितका नाक मुरडत होता तितका सासऱ्याच्या नजरेत उंच चढत होता. हा हिशोब त्यानं मांडलाच नव्हता.

तोवर कौशल्याबाई रिकाम्या पडलेल्या एका दुर्बिणीला डोळा लावून बसल्या होत्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “त्या पिवळ्या टाकीच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या हायेत. चीक बरोबर शिजला नाई तिचा. तुटून राहिल्या.” लगेच दुर्बीण दुसऱ्या गच्चीकडे. “हिचे पापड बरे हायेत.” असा अर्ध्या अमरावतीचा उन्हाळा तपासून झाल्यावर त्यांनी तोंड वर केलं आणि मुद्द्यावर आल्या.

“धोंड्याचं वाण जाळीचं पायजे. भोकाभोकाचं. अनारसा म्हणा, बत्तासा म्हणा. हिले आरपार भोक हाय, म्हणजे चालते. पण तेहतीस पायजेत.”

“तेहतीस दुर्बिणी?” धर्मपालजींचा आवाज एकदम प्रेमळ झाला.

“एकच. पण तेहतीस तिच्यात कुठीतरी पायजेत. हे काय लिवलं हाय? तीन आन नऊ?”

“ते पट हायेत, ताई. तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसते.”

“मंग तेहतीस पटीची द्या.”

किशोरच्या जिवात जीव आला. देवानं सासूच्या रूपात धाव घेतली होती! “मामीजी बरोबर म्हणतात,” तो घाईनं बोलला. “धर्माच्या गोष्टीत तडजोड नको. तेहतीस असेल तरच घेऊ. नाहीतर राहू द्या, पुढच्या धोंड्याला पाहू.” पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तीन वर्षांत डुकरांची अख्खी पिढी बदलली असती.

“तेहतीसची तं नाई माह्याकडे,” धर्मपालजी म्हणाले आणि डोकं खाजवत खाली गेले. बराच वेळ खडखडाट ऐकू आला. वर आले ते एक लांबोडकं खोकं फुंकर मारून पुसत. “ही आठ ते बत्तीस. क्लबातल्या पोराईसाठी आणली होती, कागदावर नेम मारतात ते. डुकरासाठी मी नाई म्हणतो. इतकं मोठं दिसन की डुक्कर दिसणारच नाई.”

“बत्तीस,” किशोर हळहळत म्हणाला. आतून तो नाचत होता. “अरेरे. एकानं राहिलं. चला मामाजी, उसाचा रस पिऊ.”

कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या दुर्बिणीकडे पाहत होत्या, मग त्यांनी जावयाकडे पाहिलं.

“बत्तीस हिचे,” त्या म्हणाल्या, “आन एक जवायाचा सोताचा डोळा. झाले का नाई तेहतीस?”

उत्तमरावांनी कठड्यावर अशी थाप मारली की तिपाई हादरली. “बांधा!”

“पण मामाजी, आपली बंदूक जुनी आहे, तिच्यावर ही बसायची नाही,” किशोरनं शेवटचे हातपाय मारून पाहिले.

“ते माह्यावर सोडा,” उत्तमराव म्हणाले. निवृत्त मेकॅनिकला असं वाक्य ऐकवायचं नसतं.

परतवाड्याला धोंडे-जेवण झालं. चांदीच्या ताटात अनारसे रचून त्यावर दुर्बीण आडवी ठेवली होती, तिलाही कुंकवाचं बोट लागलं. दामिनी नवऱ्याकडे अशा कौतुकानं पाहत होती की किशोरच्या घशाखाली पुरणाचा धोंडा उतरेना. दुसऱ्याच दिवशी उत्तमराव पान्यांची पिशवी घेऊन लेकी-जावयाबरोबर धामणखेडला आले, दुपारभर खटपट करून त्यांनी दुर्बीण बंदुकीवर अशी घट्ट बसवली की ती आता बंदुकीसकटच निघाली असती. मग घाम पुसत म्हणाले, “चला. आज पाहूनच जातो.”

उन्हं उतरली तसे सगळे नत्थुजींच्या वावरात जमले. बांधावरच्या निंबाखाली खाट टाकलेली. उत्तमराव, दामिनी, नत्थुजी, आणि पोत्यावर कोपर टेकून पालथा पडलेला किशोर. नत्थुजींनी त्या सकाळीच उकरलेल्या ओळी पाहिल्या होत्या, त्यामुळे ते नेहमीपेक्षा गप्प होते.

नाल्याकडून फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि कळप वर चढला.

“लावा डोळा,” उत्तमराव कुजबुजले.

किशोरनं डोळा लावला. आधी नुसते केस दिसले, झाडूसारखे राठ. धर्मपालजी खरं बोलले होते. डुक्कर इतकं मोठं झालं होतं की त्यात डुक्करच सापडेना. मग कान दिसला, चिखलानं माखलेला. मग डोळा. बारीक, काळा, वर पापण्यांचे पांढुरके केस. मादी होती. खाताना तिचा डोळा मिटत होता, उघडत होता. तिच्या पायाशी पट्ट्यापट्ट्यांची पिलं एकमेकांना ढकलत होती आणि त्यातलं एक शेंग तोंडात धरून उगाच गोल फिरत होतं. दोन वर्षांपूर्वी जे बांधाजवळ दिसलं होतं ते आता अगदी नाकासमोर होतं.

“दिसलं?” नत्थुजी म्हणाले.

“दिसलं.”

“मंग?”

दामिनी मागे उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. आता कुठलंही कारण उरलं नव्हतं. फुली चांगली होती, उजेड होता, जनावर समोर होतं. किशोरनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि उठून बसला.

“मी नाही मारणार,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं होत नाही. दोन वर्षांपूर्वीही झालं नाही. दिसत नव्हतं म्हटलं ते खोटं होतं, काका. चांगलं दिसत होतं. दुर्बीण, भिंग, फुली, सगळं खोटं. मला मारवत नाही आणि ते सांगायची लाज वाटत होती. मामाजी, तुम्ही बंदूक पाहून पोरगी दिली, आता काय म्हणायचं ते म्हणा.”

इतकं सरळ तो आयुष्यात कधी बोलला नसेल. उत्तमरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

“काय म्हणू? देली ते देली,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले. दुर्बिणीच्या एका स्क्रूवर त्यांनी उगाच अंगठा फिरवला.

“मले तरी सांगाचं होतं,” दामिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं, आणि किशोरला राग चालला असता.

नत्थुजी मात्र त्याच्याकडे बघतच राहिले होते. “पण मारायले तुले सांगतलं कोणं?”

“म्हणजे?”

“तुह्या बापानं एक तरी मारलं का कधी? तो माळकरी माणूस! नाल्याच्या त्या दरडीत गोळी घाले, मातीत. एक बार. कळप जो पळे तो आठ दिस फिरकत नसे. बस. तेवढंच पायजे होतं आमाले. डुक्कर मारून मी काय करू, लोणचं घालू?”

किशोरच्या डोक्यात एकेक वाक्य पुन्हा उभं राहिलं. बंदुकीचा बार झाला की शिवार निवांत. सगळ्यांनी बारच म्हटलं होतं. मारलं असं कुणीच म्हटलं नव्हतं. बापाच्या गळ्यातली माळही त्यानं लहानपणापासून पाहिली होती, पण बंदुकीशी तिचा मेळ कधी घातला नव्हता.

“मग तुम्ही बोलले का नाही, काका?”

“बोलू कवा? तू बोलू देल्लं तं ना! तोंड उघडलं का तू भिंग सांगे, वारा सांगे. मले वाटलं, नवीन कायदा असन, दुर्बिणीबिगर बार करता येत नसन आता. म्हणून तं फोनवर वरडलो मी.” म्हाताऱ्यानं वावरावरून हात फिरवला. त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “दोन हंगाम, किशोर. मी सकाळी येऊन उपटलेली डहाळं पाहो आन डुकराले शिव्या देवो. डुकरानं नाई खाल्ला रे माहा भुईमूग. तुह्या लाजेनं खाल्ला.”

दोन हंगाम बार न ऐकलेल्या डुकरांची वावरात मचमच चालूच होती.

मग तो पुन्हा पालथा पडला, बंदूक कळपापासून लांब, दरडीच्या पिवळ्या मातीकडे वळवली आणि डोळा दुर्बिणीला अगदी चिकटवून घोडा ओढला. धर्मपालजींनी गच्चीवर सांगितलं होतं की डोळा चार बोटं लांब ठेवा, बंदूक झटका देते. पण तेव्हा किशोर पॅरलॅक्स समजावत होता. बार असा झाला की निंबावरचे सगळे राघू उडाले, आणि दुर्बिणीची लोखंडी कडा फाडकन त्याच्या भुवईवर आली.

“अवं माय!” दामिनी धावली.

दरडीची माती ढासळत होती. कळप शेपट्या वर करून नाल्यात उतरला, पिलं मागोमाग. एकही थांबलं नाही. थोड्या वेळानं पार लांब, सातपुड्याच्या अंगाला, फांद्यांचा आवाज झाला आणि तोही विरला. उत्तमराव बंदूक उचलून दुर्बीण हलली का ते पाहत होते. ती तसूभर हलली नव्हती.

दामिनीनं पदरानं त्याची भुवई दाबून धरली. “लय दुखते का?” तिनं विचारलं. तिचा राग गेला नव्हता, पण हात हलका होता.

“नाही,” तो म्हणाला. दुखत होतं.

नत्थुजी वावरात उतरले होते आणि उकरलेल्या ओळीत वाकून, मातीत राहिलेल्या शेंगा वेचून टोपीत टाकत होते. किशोर उठला, भुवईवर हात धरून त्यांच्याजवळ गेला आणि उकिडवा बसून वेचायला लागला. बराच वेळ दोघं पुढं सरकत राहिले. माफी मागायला त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा मिटलं.

ओळीच्या टोकाला नत्थुजींनी टोपीतली एक मूठ त्याच्यापुढं धरली. “खा.”

किशोरनं शेंग फोडली. दाणे ओले होते, कोवळे, गोड. इतके गोड की त्याला दुसरी फोडवेना.

“उद्या येशील वेचायले?” नत्थुजींनी विचारलं.

किशोरनं फक्त मान डोलावली.